रंधा मारलेली बाजू

"रंधा मारलेली बाजू कुणाकडे घ्यायची?"

मिस्त्रीने हे विचारलं तेव्हा तो उकिडवा बसून कुंपणाच्या खुंटीला लाइनदोरी बांधत होता. वर बघितलंही नाही त्याने. सकाळचे सात-सव्वासात झाले असतील. आमच्याकडे दहिसर गावठाणात ही पाण्याची वेळ. घराघरांतून पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत असतो, आधी पोकळ, मग पिंप भरत जाईल तसा चढत जाणारा. माझ्या हातात चहाचा कप होता, नुकताच निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात सकाळी सातला असतो तसा, निवांत. मी विचारसुद्धा केला नाही. "आपल्याकडे," म्हणालो. आणि नेमका त्याच वेळी पलीकडच्या अंगणातला नळ बंद झाला.

झालं ते एवढंच. शेजारच्या काकू त्यांच्या मोरीपाशी उभ्या होत्या, पदर खोचलेला, हात ओले. पिंप भरलं म्हणून नळ बंद केला की माझं उत्तर कानावर पडलं म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची सोय नव्हती. काय विचारणार? "काकू, मी काय म्हणालो ते ऐकलंत का?" आणि नसेल ऐकलं तर?

रंधा एकाच बाजूने मारायचा हे मिस्त्रीशी आधीच ठरलं होतं. फळ्या पॅलेटच्या होत्या. बंदरात कंटेनरमधून माल उतरतो तो ज्या लाकडी चौकटींवर रचलेला असतो, त्या चौकटी. माल गोदामात जातो, चौकटी भंगारात येतात. पाइनचं लाकूड, पिवळट, गाठी-गाठींचं, कापलं की टर्पेंटाइनसारखा वास येणारं. एका पॅलेटची लांबी बहुधा १२०० मिलिमीटर असते, म्हणजे जेमतेम चार फूट, आणि मला कुंपणही चारच फूट उंच हवं होतं. त्यामुळे कापाकापी जवळजवळ शून्य. पण फळ्या खरबरीत, कुसळं निघालेल्या. दोन्हीकडून रंधा मारायचा तर मजुरी वाढते आणि मुळात पाऊण इंचाची फळी आणखी पातळ होते. म्हणून एकच बाजू. दुसऱ्या बाजूला करवतीचे वळ, जुन्या खिळ्यांची काळी भोकं आणि कुठे कुठे परदेशी शिक्के.

कुंपण घालावं का लागलं, ते थोडक्यात. आमच्या आणि काकूंच्या अंगणामध्ये कोयनेलची मेंदी होती, चांगली कमरेएवढी. गटाराच्या कामाला आलेलं पोकलेन वळायला जागा नाही म्हणून त्या मेंदीवरून मागे-पुढे झालं, चार वेळा. माती दगडासारखी दबली, मुळं उघडी पडली आणि उन्हाळ्यात सगळी ओळ वाळून गेली. तक्रार केली, एक माणूस येऊन फोटो काढून गेला. मेंदी गेल्यावर कळलं की फोनमधल्या नकाशाला आमचं अंगण रस्ता वाटतं. जेवणाचे डबे पोचवणारी पोरं स्कूटर घेऊन थेट आमच्या शेवग्याखालून काकूंच्या दारावरून पलीकडच्या गल्लीत जायला लागली. त्यांचा दोष नाही, दहा मिनिटांत पोचायचं असतं त्यांना. पण एकदा बायको तांदूळ निवडत पायरीवर बसली होती आणि एक चाक तिच्या सुपाला घासून गेलं. त्या दिवशी ठरलं. भिंत नको, हे मात्र मी तिने तोंड उघडायच्या आधीच सांगून टाकलं. त्याचं कारण पुढे येईल.

खांबांसाठी साग हवा, पाइन मातीत टिकत नाही, असं मिस्त्रीचं पहिलंच वाक्य होतं. "पाइन म्हणजे वाळवीला श्रीखंड-पुरी." मिस्त्री मूळचा संगमेश्वरकडचा, राहायला नालासोपाऱ्याला, साठीचा, बोलणं कमी पण बोलला की असंच. मग आम्ही दोघं रे रोडला उतरून दारूखान्यात गेलो. जुन्या लाकडाच्या वखारी बघायच्या तर तिथे बघाव्यात. एका बाजूला तोडलेल्या जहाजांच्या साखळ्या, माणसाच्या मांडीएवढ्या कड्यांच्या, गंजून लाल झालेल्या, आणि एका बाजूला पाडलेल्या इमारतींचं पोट बाहेर काढून ठेवलेलं. तुळया, पाट्या, दारं, खिडक्यांच्या चौकटी, जिन्याचे कठडे. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळी टॉवरसाठी उतरवल्या जातात तेव्हा विटा भरावात जातात. साग इथे येतो. हवेत खारट दमट वास आणि त्यात करवतीच्या भुश्शाचा कडवट-गोड दरवळ. शंभर वर्षांचा साग कापला तरी आतून ताजं चामडं असावं तसा वास येतो, हे मला तिथे कळलं.

विकणारा प्रत्येक जुन्या तुळईला "बर्मा टीक" म्हणत होता. सगळाच साग काही ब्रह्मदेशातून आलेला नसणार, आपल्या डांगातलाही साग मुंबईत येतच होता. पण आम्ही घेतलेल्या तुळईवर मिस्त्रीने नख ओढलं, ओला बोळा फिरवला, रेषा मोजल्या आणि मान हलवली, म्हणजे असेलही. तिला तीन बाजूंनी ऑइलपेंटचे थर होते. वर पिस्ता, त्याखाली निळा, त्याखाली चुना. मध्यावर एक लोखंडी कडी होती, गंजून लाकडात रुतलेली. मी म्हटलं, पंख्याची असेल. मिस्त्री म्हणाला, "पंखा कुठला साहेब, पाळण्याची." मग परतीच्या टेम्पोत मी त्या कडीकडेच बघत बसलो. कुठल्या तरी दहा बाय बाराच्या खोलीत किती पोरं झोपली असतील हिच्याखाली, आणि किती बायकांनी रात्री अर्धवट झोपेत पायाच्या अंगठ्याने दोरी ओढली असेल.

ब्रह्मदेशच्या सागावरून मला हटकून आजी आठवते. आमचं गाव रत्नागिरीकडचं, पावसजवळ. आजीने लहानपणी ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा बाहेरून पाहिलेला. "सगळा साग, सगळा साग," असं ती म्हणायची, जणू साग म्हणजे सोनं. आता थिबा राजाचं राज्य गेलं तेच मुळी सागावरून. ओंडके किती तोडले आणि किती दाखवले या हिशेबावरून बॉम्बे बर्मा या इंग्रजांच्या कंपनीला त्याच्या दरबाराने दंड ठोकला आणि इंग्रजांना निमित्त मिळालं. १८८५च्या नोव्हेंबरात लढाई, ती दोन-तीन आठवडेही चालली नाही. राजा उचलून पार आमच्या रत्नागिरीत आणून ठेवला. १९१०मध्ये त्याला वाडा मिळाला आणि १९१६मध्ये तो तिथेच गेला, खाडीकडे बघत. ज्याच्या जंगलातला साग मुंबईच्या चाळींच्या आढ्याला गेला, तो राजा शे-दोनशे मैलांवर डासांत बसलेला. मी हे सगळं टेम्पोत मिस्त्रीला सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "त्या तुळईला मध्ये एक चीर आहे बघा, दीड फूट वाया जाणार." प्रत्येकाला आपापला राजा असतो.

एका तुळईतून आणि दोन पाट्यांतून सात खांब निघाले, तीन इंची चौरस, सहा फूट लांब. छत्तीस फुटांच्या ओळीत दर सहा फुटांवर एक. सागाने करवतीची धार दोनदा मारली. सागात रेतीचा अंश असतो, हत्यार बोथट होतं, पण त्याच गुणाने आणि अंगच्या तेलाने वाळवी लांब राहते. फळ्या ८६ लागल्या, चार इंची फळी आणि इंचभर फट या हिशेबाने. शिक्के मी मुद्दाम तपासून घेतले होते. गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि पुढे एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं असतं, किडे मारायला. एमबी असेल तर मिथिल ब्रोमाइडचा धूर दिलेला, तो विषारी, ते घरात आणू नये. एवढं माझं ज्ञान. मिस्त्रीने शिक्का कधी बघितला नव्हता, तो वासावरून घेतो.

खांब पुरताना मात्र मी गुमान शिकत होतो. सहा फुटांपैकी दोन फूट जमिनीत. पहारीने खड्डे घ्यायला दीड दिवस गेला, कारण आमच्या अंगणात फूटभर खाली गेलं की विटांचे तुकडे, कौलांचे तुकडे, एकदा चिनी मातीच्या बशीचा निळा काठ, एकदा गोटी. हिरव्या रेषेची गोटी. ती माझीच असणार असं मी बायकोला छातीठोक सांगितलं. खड्ड्याच्या तळाला ओंजळभर खडी, म्हणजे खांबाच्या टाचेखाली पाणी थांबत नाही. खांबाच्या खालच्या अंगाला डांबर. भोवती काँक्रीट, पण त्याचा माथा जमिनीच्या वर आणि बाहेरच्या बाजूला उतरता, शंकराच्या पिंडीवरून पाणी वाहावं तसा. मी विचारलं, सगळ्यात जास्त काळजी जमिनीलगतच का? तर मिस्त्री म्हणाला, लाकूड तळाशी कुजत नाही, तिथेच कुजतं जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. पाण्यात पूर्ण बुडालेलं लाकूड पिढ्यानपिढ्या राहतं. जुन्या विहिरींच्या तळाला उंबराचं लाकूड घालायचे ते काय उगीच? खिळेही त्याने साधे लोखंडी घेऊ दिले नाहीत. मनोरीच्या खाडीची खारी हवा आमच्यापर्यंत येतेच, शिवाय लोखंड आणि साग एकत्र भिजले की लाकडावर काळे ओघळ उतरतात, रडलेल्या काजळासारखे. जस्ताचा मुलामा दिलेले आणले, दीडपट महाग.

हे सगळं चालू असताना ते "आपल्याकडे" माझ्या घशात अडकलेलं होतंच.

गावाला आमच्या परसाला वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण, असायची. भातं घरात आली की गुरं उनाड सुटत, आणि त्याआधी भाजीपाल्याचा तुकडा वईच्या आत घ्यावा लागे. आजोबा आणि शेजारचे तात्या एका सकाळी कोयते घेऊन निघत. निरगुडीचे फोक, करवंदीच्या आणि बोरीच्या काट्या, चिवाच्या काठ्या. खांबांना शेवगा, पांगारा नाहीतर आम्ही ज्याला उंदीरमारी म्हणतो त्या गिरिपुष्पाचे दांडे. पहिल्या पावसात हे दांडे फुटायचे आणि दोन वर्षांत कुंपणाची झाडं व्हायची. वई विणायला दोघं लागतात. एक अलीकडे, एक पलीकडे. अलीकडचा सुंभाचं टोक काट्यांमधून पलीकडे सारतो, पलीकडचा ते ओढून, पीळ देऊन परत देतो. आजोबा "घे" म्हणायचे आणि तात्या "हं" म्हणायचे, तास न् तास. घे, हं, घे, हं. माझं काम बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, बसून काट्या पुरवायचं. दोघांच्या हातांवर सारखेच ओरखडे. त्या वईला उलटी-सुलटी बाजू नव्हती. कुठूनही बघितली तरी तेवढीच ओबडधोबड, आणि सरडे दोन्हीकडचे. म्हणजे मी गावचं कौतुक करतोय असं वाटेल, तर तसं नाही. याच आजोबांनी आणि याच तात्यांनी पुढे एका फणसावरून कोर्टात बारा वर्षं काढली. तेव्हाही दिवाळीनंतर वई मात्र दोघं मिळून घालायचे, न बोलता. घे आणि हं एवढंच.

आता भिंतीबद्दल.

१९९८च्या मेमध्ये अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या आणि काकूंच्या मध्ये भिंत घातली. भांडण सहा इंचांचं होतं. पलीकडचे काका म्हणायचे हद्द शेवग्याच्या अलीकडे आहे, अण्णा म्हणायचे पलीकडे. मालमत्ता पत्रकं काढली, मोजणी आणली. अर्धं गावठाण आपली कामं टाकून बघायला उभं. सहा इंच आमचे निघाले. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी विटा टाकल्या. साडेचार इंची भिंत, पाच फूट उंच, पाणी जायला एक भोक नाही. आमच्या बाजूने गिलावा, वर फिकट गुलाबी रंग, दिवाळीला त्यावर आई गेरूने कोयऱ्या काढायची. पलीकडच्या बाजूला नुसत्या विटा, सांध्यांतून बाहेर ओघळून वाळलेलं सिमेंट तसंच. मुंबईत हे तुम्हालाही माहीत असेल, ट्रेनमधून बघितलं की दिसतं. दोन घरांच्या मधल्या भिंतीचा जो चेहरा शेजाऱ्याकडे असतो त्याला कधीच कुणी गिलावा करत नाही. काकूंनी सात वर्षं ती नागडी भिंत बघितली. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिच्यासमोर. मी तेव्हा बत्तिशीचा होतो, नोकरीला होतो, तोंड होतं मला. मी काही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर पलीकडून भिंत कशी दिसते हे बघायला मी गेलोच नाही.

२६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, सगळ्यांना पाठ असलेला आकडा. आमच्याकडे आधी नॅशनल पार्कातून येणारी नदी फुगली, मग गटारं उलटी वाहू लागली, मग अंगण. आमचं अंगण काकूंच्या अंगणापेक्षा हातभर उंच. पाणी उताराकडे निघालं आणि अण्णांच्या भिंतीशी अडलं. दीड फूट, दोन फूट, अडीच. भिंत वाऱ्याचा जोर सोसते, पाण्याचा रेटा सोसायला ती बांधलेलीच नसते. २०१९च्या जुलैत मालाडला पिंपरीपाड्यात भिंत रात्री झोपड्यांवर आली आणि माणसं झोपेतच गेली, तेव्हा बातम्या बघताना मला तो आवाज पुन्हा ऐकू आला. मोठा धडाम आवाज नव्हता तो. कुणीतरी दमून सुस्कारा सोडावा तसा, आणि मग पाणी. आमची भिंत पलीकडे पडली, अखंड, पत्त्यासारखी, आणि काकूंचं तुळशीवृंदावन तिच्याखाली गेलं. माणूस नव्हतं अंगणात. नव्हतं, एवढंच म्हणायचं. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर काका एकेक वीट साफ करून कडेला रचत होते. गुलाबी विटा एका बाजूला, नुसत्या एका बाजूला. अण्णा खिडकीतून बघत उभे राहिले. मग त्यांनी मला पाकिटात पैसे देऊन पाठवलं, वृंदावनासाठी. काकांनी पाकीट उघडलं नाही. "अण्णांना सांग, तुळस आहे. डब्यात लावली तरी जगते." मी पाकीट परत आणलं आणि अण्णांना फक्त "नको म्हणाले" एवढंच सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात कुणी कुणाला न विचारता मधे कोयनेलच्या काड्या खोचल्या गेल्या. आमच्या आईने काही, काकूंनी काही. काका गेले, अण्णा गेले, आई गेली. मेंदी राहिली, पोकलेन येईपर्यंत.

तर माझं "आपल्याकडे" हे अण्णांच्या आवाजात निघालं होतं. रात्री पंख्याखाली पडल्या-पडल्या ते मला स्पष्ट ऐकू आलं, तो त्यांचा 'आ' सुद्धा, थोडा लांबवलेला. सकाळी मिस्त्री आल्या-आल्या मी विचारलं, उलटं करता येईल का? खांब उभे झाले होते, आडव्या पट्ट्याही बसल्या होत्या. त्याने विडी विझवली आणि म्हणाला, "आता काँक्रीट धरलं साहेब. आता घर फिरवलं तरच." मग त्याने मला समजावलं, आणि तेव्हा मला माझा दुसरा मूर्खपणा कळला. फळ्यांची गुळगुळीत बाजू आमच्याकडे, म्हणजे खांब आणि पट्ट्या फळ्यांच्या मागे, काकूंच्या बाजूला. पण खांब तर हद्दीच्या आतच हवेत, नाहीतर पुन्हा मोजणी. म्हणून त्याने खांबांची ओळ हद्दीला टेकवून घेतली होती आणि फळ्यांची ओळ आत. खांबाचे तीन इंच, पट्टीचे तीन इंच. दोन खांबांमधली जी पोकळी, ती कागदावर आमची आणि वापराला काकूंची.

सहा इंच.

मी तिथेच पायरीवर बसलो आणि हसलो. बायकोला वाटलं उन्हाचं झालं. अण्णांनी जे मोजणी आणून मिळवलं ते मी चहा पिता-पिता देऊन टाकलं होतं, आणि तेही कंजूषपणा करायला जाऊन. सुटल्यासारखं वाटलं का? थोडं. थोडा रागही आला, मिस्त्रीचा. आधी सांगायला काय झालं होतं याला? आणि त्या रागाचीच मग लाज वाटली. चांगुलपणा अंगावर येऊन पडला तरी माणूस आधी किती इंच गेले तेच मोजतो. मी मोजले, खोटं कशाला बोला. मोबदला म्हणून पलीकडच्या बाजूलाही रंधा मारून घेऊ का, असं मी विचारलं, तर मिस्त्रीने नुसतं माझ्याकडे बघितलं. ठोकलेल्या फळ्यांवर रंधा चालत नाही. शेवटी जवसाचं तेल दोन्ही बाजूंना सारखं दिलं, दोन-दोन हात. पलीकडचा हात देताना मी स्वतः काकूंच्या अंगणात उभा होतो, बऱ्याच वर्षांनी इतका वेळ. त्यांच्या बाजूने आमचं घर निराळंच दिसतं. मोरीचा पाइप, कपड्यांची दोरी, शेवाळ धरलेला कोपरा. आम्ही आमच्या घराची हीच बाजू कधी बघत नाही.

काकू ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "वास बरा येतोय रे. आमच्या माहेरी झोपाळ्याला लावायचे." कुंपणाबद्दल एवढंच.

एक गोष्ट मला तेल लावताना दिसली. आडव्या पट्ट्या तीन बाय दोनच्या. त्या उभ्या ठोकतात, म्हणजे वाकत नाहीत. इथे वरची पट्टी चपटी बसवलेली होती, तीन इंची बाजू वर. पाणी साचू नये म्हणून रंध्याने किंचित उतार दिलेला, नखाएवढा. मी मिस्त्रीला विचारलं, ही अशी का? "अशीच बसते ती." सगळीकडे? त्याने उत्तर दिलं नाही, खिळे मोजत राहिला. पैसे देताना मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "बाईमाणूस आहे पलीकडे, काही ठेवायला-बिवायला लागतं." आणि नालासोपाऱ्याची गाडी चुकेल म्हणून निघून गेला.

मग जून आला. पहिल्या आठवड्यात नुसता गडगडाट, मग एका दुपारी एकदम. पाइन फुगलं, इंचाची फट पाऊण इंच झाली, बेडं घासायला लागलं. गावाकडचा शब्द आहे, बायको गेट म्हणते. जुलैत फळ्यांच्या तळाला करडी बुरशी आली आणि उन्हाच्या दोन दिवसांत गेली. पाणी मात्र फटींमधून आलं तसं गेलं, कुठे अडलं नाही. एका मोठ्या पावसात रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन मी बघायला गेलो होतो. आमच्या अंगणातून काकूंच्या अंगणात आणि तिथून गल्लीत, शेवग्याची पिवळी पानं घेऊन, प्रत्येक फटीतून एक बारीक धार. पलीकडूनही एक टॉर्च लागलेला होता. दोघांनीही काही न बोलता विझवला.

आमची बाजू देखणी आहे, यात वाद नाही. मध रंगाच्या फळ्या, सरळ, सपाट, पाहुणे हात फिरवून बघतात. पण त्या सपाट बाजूला काहीच टेकत नाही. कुंडी टांगायची म्हटली तर खिळा कुठे मारणार, पाऊण इंचाची फळी फुटेल. पावसाळा संपेपर्यंत काकूंची बाजू मात्र भरून गेली. वरच्या पट्टीवर ओळीने श्रीखंडाचे रिकामे डबे, त्यांत पुदिना, ओवा, गवती चहा. एका खांबाला झाडू, एकाला मोगऱ्याची दोरी. मधल्या पोकळीत करवंट्या, साबणाची वडी, जुना तवा, नातवाची बॅट. पाळण्याची कडी काढली होती त्या जागचं भोक ज्या खांबाला आलं, त्यात संध्याकाळी उदबत्ती असते. फटींतून धूर आमच्याकडे येतो. डब्यातली तुळस त्याच खांबाच्या पायथ्याशी.

परवा सकाळी, पाण्याच्या वेळी, मी शेवग्याच्या शेंगा काढायला काठी घेऊन उभा होतो. एका हातात काठी, दुसऱ्यात कप, नेहमीसारखा. काठी दोन हातांनी धरावी लागते. कप ठेवायला मी इकडेतिकडे बघितलं. पायरी लांब, जमीन ओली, कुंपण सपाट. पलीकडून नळ बंद झाल्याचा आवाज आला, आणि फळ्यांच्या वरून बांगड्यांचा ओला हात आला.

"दे इकडे."

मी कप दिला. त्यांनी तो ओव्याच्या आणि पुदिन्याच्या मध्ये, जरा जागा करून, पट्टीवर ठेवला. मी शेंगा पाडल्या, सात-आठ. निम्म्या पलीकडे पडल्या. मग मी कप मागितला, तर म्हणाल्या, "थांब, मुंगी गेलीय त्यात. दुसरा करते."